नियम लागू करणे आणि औषध लागू पडणे

१

सर्वसामान्य नियम आणि अनन्य व्यक्ती यांच्यातील संबंध कसा समजून घ्यावा, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. साहित्यकृती अनन्यसाधारण असते असे म्हणत असतानाच तिच्याविषयी काही सर्वसामान्य विधाने करण्याचा हक्क आपण सोडीत नाही. तो सोडला तर समीक्षा ही रसिकाची उद्गारवाचक प्रतिक्रिया होऊन बसेल. मराठीत मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांपर्यंतची सौंदर्यशास्त्रीय चर्चा या ना त्या रूपात याच पेचाभोवती फिरत आली आहे. आपल्या क्षेत्रातील या पेचाची एक सोय अशी की, समीक्षकाचा निर्णय चुकला तर सहसा कोणी मरत नाही. जेथे निर्णय चुकला तर माणूस दगावू शकतो, अशा क्षेत्रात हाच पेच कोणते रूप घेतो हे पाहणे म्हणून उद्बोधक ठरावे. प्रस्तुत लेखात वैद्यकाचा विचार या दृष्टीने केला आहे. मराठीच्या अध्यापकाने त्या प्रांतात शिरावे काय, हा आक्षेप रास्त आहे; पण तेथील वाद हा औषधांविषयीचा जेवढा आहे तेवढाच 'ज्ञान' कशाला म्हणावे आणि ते 'वापरणे' म्हणजे काय, याविषयीचा आहे, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणत्याही एका विद्याशाखेचा नव्हे.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 'एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन' ही संज्ञा कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये एका छोट्या संपादकीयात वापरली. १९९२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या लेखामुळे ती सर्वत्र पोचली. अंतःप्रेरणा, विस्कळीत स्वरूपाचा वैयक्तिक अनुभव आणि शरीरक्रियेवरून बांधलेले तर्क एवढ्यावर उपचार ठरवू नयेत. काटेकोर चाचण्यांतून, विशेषतः यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांतून, सिद्ध झालेल्या निष्कर्षांवर ते ठरवावेत, हा त्या भूमिकेचा गाभा. तिच्यावर लगेच टीका झाली, ती अशी की हे पाककृतींचे पुस्तक उघडून स्वयंपाक करण्यासारखे वैद्यक आहे, त्यात समोरचा रोगी हरवतो. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये उत्तर दिले की, बाह्य पुरावा आणि चिकित्सकाचे स्वतःचे कौशल्य यांपैकी एकटे काहीच पुरेसे नाही, दोहोंचा मेळ घातला पाहिजे. तेव्हापासून या विषयावरील बहुतेक लेखन 'समतोल' या शब्दापाशी येऊन थांबते.

मला हा शब्द अपुरा वाटतो. समतोल म्हटले की तराजू आला. एका पारड्यात पुरावा, दुसऱ्यात व्यक्ती, आणि एकाचे वजन वाढले की दुसरे वर जाणार. या प्रतिमेत पुरावा आणि व्यक्ती हे परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत, हे आधीच गृहीत धरलेले असते. ते तसे आहेत काय?

२

आधी भाषेकडे पाहू. 'पुरावा' हा शब्द आपल्याकडे कचेरीतून आणि न्यायालयातून आला आहे. पुरावा कोणाच्या तरी विरुद्ध असतो, तो सादर केला जातो, त्यावरून निकाल लागतो आणि निकाल लागला की प्रकरण मिटते. 'पुराव्यावर आधारलेले वैद्यक' असे म्हणताच या साऱ्या छटा सोबत येतात. याउलट 'प्रमाण' हा शब्द घेतला तर चित्र बदलते. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन; प्रमाण म्हणजे दोन राशींमधील गुणोत्तर; प्रमाण म्हणजे मात्रा, जसे औषधाचे प्रमाण; आणि प्रमाण म्हणजे इतरांनी ज्याप्रमाणे वागावे तो मानदंड, जसे प्रमाणभाषा. आधुनिक वैद्यकात या चारही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. चाचणीतून ज्ञान मिळते, ते गुणोत्तराच्या रूपात मिळते, त्यावरून मात्रा ठरते आणि ती मात्रा मानदंड होते. ज्ञानाचे साधन आणि आज्ञा यांतील अंतर नेमके कोणत्या पायरीवर मिटले, हे एकाच शब्दाच्या आश्रयाने दिसेनासे होते. प्रमाणभाषेच्या बाबतीत आपण हा प्रश्न पुष्कळ चर्चिला आहे. तो येथेही विचारण्याजोगा आहे.

परंतु याहून महत्त्वाचा दुवा मराठीच्या बोलण्यात आहे. नियम लागू करतात किंवा लागू होतो. औषध मात्र 'लागू पडते'. क्रियापदाचा हा भेद किरकोळ नाही. नियम लागू करणारा कोणी अधिकारी असतो आणि ज्याला तो लागू होतो त्याच्या संमतीची त्याला गरज नसते. औषध लागू पडणे मात्र देणाऱ्याच्या हाती पुरतेपणी नसते. ते घेणाऱ्याच्या देहात घडते आणि घडले की नाही हे सांगण्यात त्याचाही वाटा असतो. म्हणून औषध 'मानवले नाही' असेही आपण म्हणतो. आणि ज्याचे औषध पुष्कळांना लागू पडते त्या वैद्याच्या 'हाताला गुण आहे' म्हणतो. 'हातगुण' हे वैयक्तिक कौशल्याचे आपल्या समाजाने ठेवलेले जुने नाव. त्यात रोग्याने टाकलेला विश्वास आहे, तसेच त्या कौशल्याची तपासणी न करण्याची सोयही आहे. हातगुणाचा हिशेब कोणी ठेवीत नाही. जे बरे झाले ते हातगुणाने, जे गेले ते त्यांच्या आयुष्याची दोरी तुटल्याने.

३

वैयक्तिक निर्णयाचा पक्ष घेताना आपण, म्हणजे साहित्य-तत्त्वज्ञानाकडून येणारी माणसे, एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. ती अशी की, पुराव्याचा आग्रह अनुभवाच्या अपयशातून जन्माला आला आहे. एकच उदाहरण पुरेसे आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रोग्यांच्या हृदयात अवेळी पडणारे ठोके आढळतात आणि असे रोगी अचानक दगावण्याचा धोका अधिक असतो, हे ज्ञात होते. ते ठोके दडपणारी औषधे उपलब्ध होती. औषध दिले की हृदयाच्या आलेखावर ठोके कमी झालेले डॉक्टरला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत. तर्क निर्दोष, अनुभव अनुकूल, प्रत्यक्ष साक्षीला. अमेरिकेत या औषधांची रीतसर चाचणी घेण्यात आली ती ज्यांचे ठोके औषधाने दबतात असे आधीच दिसून आले होते अशाच रोग्यांवर. १९८९ मध्ये ती अर्धवट थांबवावी लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम अहवालानुसार एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रोग्यांपैकी ६३ दगावले होते, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आलेख सुधारत होता आणि माणसे मरत होती. कोणत्याही एका डॉक्टरला, तो कितीही संवेदनशील असला तरी, हे दिसणे शक्य नव्हते. कारण जो रोगी दगावला तो मूळच्या आजारानेच दगावला असे वाटण्यास पूर्ण वाव होता. एका व्यक्तीकडे कितीही बारकाईने पाहिले तरी न दिसणाऱ्या काही गोष्टी असतात. त्या अनेक व्यक्ती एकत्र ठेवल्यावरच दिसतात. व्यक्तिवादाला हे पचवणे जड जाते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत व्यवसाय करणाऱ्या शंभराहून थोड्या अधिक खाजगी डॉक्टरांना क्षयरोगावर ते कोणते उपचार देतात असे विचारण्यात आले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत औषधांच्या ८० वेगवेगळ्या योजना आढळल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये, मुंबईतीलच अशा दुसऱ्या पाहणीचे निष्कर्ष आले. १०६ डॉक्टर, ६३ योजना, आणि अचूक लिहून दिलेल्या योजना केवळ ६. आता कोणी म्हणेल की वैविध्य हेच तर व्यक्तिलक्ष्यी उपचाराचे लक्षण. पण ही ८० योजनांची विविधता रोग्यांच्या विविधतेतून आलेली नव्हती. प्रश्न सर्वांना एकच विचारला होता. ती डॉक्टरांची विविधता होती. कोणाला कोणत्या औषधकंपनीचा प्रतिनिधी भेटला होता, कोणी कोठे उमेदवारी केली होती, रोग्याच्या खिशाविषयी कोणाचा काय अंदाज होता, अशा गोष्टींची. आणि या विविधतेची किंमत जंतूंना औषधे निष्प्रभ वाटू लागण्याच्या रूपाने नंतर त्याच वस्त्यांनी मोजली. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. व्यक्तिनिष्ठ उपचार आणि व्यक्तिलक्ष्यी उपचार या दोन गोष्टी आहेत. पहिल्यात उपचार करणाऱ्याची व्यक्ती प्रकट होते, दुसऱ्यात ज्याच्यावर उपचार होतात त्याची. समीक्षेत 'आस्वादक' म्हणून जे लेखन होते त्यातील बरेचसे पहिल्या प्रकारचे असते, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

हा वाद नवा नव्हे. १८३५ मध्ये पिएर लुई या फ्रेंच वैद्याने न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांची आकडेवारी मांडून रक्त काढण्याच्या सर्वमान्य उपचारावर शंका घेतली. १८३७ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे रिसुएन्यो द'आमादोर यांनी या 'संख्यापद्धती'वर हल्ला चढवला. वैद्याला समोरचा एक रोगी बरा करायचा असतो, बहुसंख्य रोगी नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. युक्तिवाद आजही ताजा वाटतो. मात्र तो ज्या काळात केला गेला त्या काळात फ्रान्समध्ये रोग्यांच्या अंगाला कोट्यवधी जळवा लावल्या जात होत्या, हेही ध्यानात ठेवावे. व्यक्तीच्या अनन्यतेची भाषा जळवांच्या बाजूनेही उभी राहू शकते.

४

मग सरासरीविरुद्ध काहीच म्हणता येत नाही काय? म्हणता येते, आणि सर्वांत मार्मिकपणे ते क्लोद बर्नार यांनी १८६५ मध्ये म्हटले आहे. प्रायोगिक वैद्यकावरील आपल्या ग्रंथात ते एका शरीरशास्त्रज्ञाची हकीकत सांगतात. या गृहस्थाने नाना देशांचे लोक जेथून जातात अशा रेल्वे स्थानकावरील मुतारीतून मूत्र गोळा केले आणि त्यावरून आपल्याला सरासरी युरोपीय मूत्राचे पृथक्करण करता आले असे मानले! विनोद बोचरा आहे. पण तो नीट वाचला पाहिजे. बर्नार यांचा रोख मोजण्यावर नव्हता, ते स्वतः कट्टर प्रयोगवादी होते. ज्याच्या मागे कोणतीही कार्यकारणसंगती नाही असा आकडा वास्तव म्हणून मिरवतो, याला त्यांचा आक्षेप होता.

सरासरी ही वस्तू नाही, ती एक वाचन आहे. आणि ती पुन्हा वाचावी लागते. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये एक दुर्मिळ कर्करोग झाल्याचे निदान झाले. निदानापासून मध्यमान आयुष्य आठ महिने, असे ग्रंथांत होते. गूल्ड यांनी १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की, या वाक्याचा अर्थ 'मी आठ महिन्यांत मरणार' असा होत नाही. निम्मे लोक त्याहून अधिक जगतात, आणि त्या वक्राचे उजवीकडचे टोक लांबवर पसरलेले असते. आपण त्या टोकात का असू शकतो याची कारणेही त्यांनी शोधली. ते २००२ पर्यंत जगले. येथे पुराव्याला बाजूला सारून व्यक्ती वाचली असे झाले नाही. व्यक्तीने पुरावा इतरांपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचला. अर्थात प्रत्येक रोगी हार्वर्डचा प्राध्यापक नसतो, आणि पुराव्याचे वाचन रोग्याच्या विद्वत्तेवर सोडणे हा अन्यायच होईल.

सरासरी व्यक्तीला चिरडतेच, हे गृहीतक पूर्णपणे उलटवणारी चाचणी आपल्या देशातली आहे आणि तिच्याकडे मानव्यविद्यांच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १९५० च्या दशकात क्षयरोग्याने सॅनेटोरियममध्ये राहावे, हा जगभरचा नियम होता. शुद्ध हवा, पौष्टिक अन्न, पूर्ण विश्रांती आणि कुटुंबापासून दूर, असे त्याचे स्वरूप. आपल्याकडे मिरज, पाचगणी ही नावे ऐकली की एका पिढीच्या मनात हेच चित्र उभे राहत असे. युरोपीय कादंबरीत टॉमस मान यांनी या प्रदेशाला महाकाव्याची उंची दिली. पण खाटा मूठभर आणि रोगी लाखो. १९५६ मध्ये मद्रास येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र स्थापन केले आणि शहरातील गरीब वस्त्यांतल्या १९३ रोग्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, बाकीच्यांना घरी. औषधे दोघांना तीच, वर्षभर. घरच्यांना दाटीवाटीची खोली, अपुरे अन्न आणि विश्रांतीचा अभाव होता. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते, आणि घरी राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा जादा धोका पोचल्याचेही दिसले नाही.

या निष्कर्षाचा अर्थ एखाद्या स्त्रीरोग्याच्या बाजूने लावून पाहावा. वर्षभर लेकराबाळांपासून दूर राहायचे, घरचे पुन्हा स्वीकारतील की नाही याची धास्ती बाळगायची, हे सारे अपरिहार्य मानले गेले होते. आणि ते मानणाऱ्यांत रोग्याची मनापासून कळकळ असणारे डॉक्टर होते. तिला घरी राहण्याची मुभा मिळवून दिली ती कोणाच्या सहानुभूतीने नव्हे, तर १९३ अनोळखी माणसांच्या आकडेवारीने.

५

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग अधिक अवघड आहे. रोगी घरी राहिला की तो औषध नियमित घेतो की नाही हा प्रश्न उभा राहतो. देखरेखीखाली, रोज न देता ठरावीक दिवशी औषध देण्याची पद्धतही मद्रासच्या केंद्रानेच १९६० च्या दशकात अभ्यासली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 'डॉट्स' या नावाने एक धोरण पुढे आणले. भारतात सुधारित क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाद्वारे १९९७ पासून त्याचा विस्तार झाला आणि २००६ पर्यंत तो देशभर पोचला. आठवड्यातून तीन दिवस, कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. या कार्यक्रमाने असंख्य जीव वाचवले हे निर्विवाद आहे. परंतु 'डोळ्यांदेखत गिळणे' या त्याच्या सर्वांत ठळक अंगाला चाचण्यांचा आधार कितपत होता? दक्षिण आफ्रिकेतील १९९८ च्या आणि पाकिस्तानातील २००१ च्या यादृच्छिक चाचण्यांत स्वतः औषध घेणाऱ्यांपेक्षा देखरेखीखाली घेणाऱ्यांचा लाभ दिसून आला नाही. थायलंडमधील एका चाचणीत तो दिसला. म्हणजे पुराव्याच्या नावाने जो नियम लागू केला गेला त्याचा एक मोठा भाग प्रशासकीय सोयीचा, आणि रोग्याविषयीच्या अविश्वासाचा, होता. पुढे २०१७ पासून भारतात रोजच्या, वजनानुसार ठरणाऱ्या मात्रेकडे वळण्यात आले. या काळात एकाच नियमाला पुरेसे न जुळणारे देह नव्हते असे कोण म्हणेल? आयसोनियाझिड हे औषध काहींचे शरीर झपाट्याने निष्क्रिय करते तर काहींचे सावकाश, हेदेखील त्याच मद्रासच्या केंद्रात फार पूर्वी अभ्यासले गेले होते.

अशा वेळी मोह होतो तो नियमाला आणखी बारीक करण्याचा. वजनानुसार, वयानुसार, जनुकांनुसार. आज 'व्यक्तिलक्ष्यी वैद्यक' म्हणून जे सांगितले जाते ते बहुतांशी हेच आहे. त्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. तथापि वर्ग कितीही लहान केले तरी ते वर्गच राहतात; अमुक जनुक असणाऱ्यांचा वर्ग म्हणजे समोरची व्यक्ती नव्हे. नियम आणि प्रसंग यांमधील अंतर दुसऱ्या नियमाने भरून काढता येत नाही, कारण तो दुसरा नियम केव्हा वापरायचा हे सांगण्यासाठी तिसरा लागेल. हा युक्तिवाद कांटचा आहे. 'शुद्ध बुद्धीच्या चिकित्से'त तो करताना कांटने उदाहरण दिले आहे ते नेमके वैद्याचे, न्यायाधीशाचे आणि राज्यकर्त्याचे. उत्तमोत्तम नियम तोंडपाठ असूनही त्यांचे उपयोजन करताना ही माणसे ठेचकाळू शकतात, कारण निर्णयशक्ती शिकवता येत नाही, ती केवळ सरावाने धारदार होते. अॅरिस्टॉटलनेही 'मेटाफिजिक्स'च्या आरंभीच म्हटले आहे की, वैद्य बरे करतो तो 'मनुष्या'ला नव्हे, कॅलियसला किंवा सॉक्रेटिसला. आणि चरकाने उत्तम वैद्याचे लक्षण सांगताना औषधांच्या ज्ञानाबरोबर देश, काळ आणि प्रत्येक पुरुष निरखून केलेली योजना आवश्यक मानली आहे. चरक 'युक्ती'ला स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा देतो, हे इतर दर्शनांच्या तुलनेत त्याचे वेगळेपण. अनेक कारणांच्या संयोगातून घडणारे कार्य ओळखणारी बुद्धी, असा तिचा अर्थ आहे. वैद्यकाला तर्कशास्त्राने दिलेल्या प्रमाणांवर भागवता आले नाही, ही गोष्ट सूचक आहे.

गाडामर यांनी १९६० मध्ये उपयोजनाची कल्पनाच फिरवली. आधी अर्थ समजायचा आणि मग तो लागू करायचा, असे दोन टप्पे नसतात. समोरच्या प्रसंगात लागू करतानाच अर्थ उलगडतो, असे त्यांचे म्हणणे. कायद्याचा अर्थ प्रत्येक खटल्यात नव्याने कळतो, तसाच. आरोग्यावरील त्यांचे निबंध १९९३ मध्ये संग्रहरूपाने आले हा योगायोग नव्हे. हे मान्य केले तर तराजूची प्रतिमा गळून पडते. पुरावा हा समोरच्या व्यक्तीच्या विरुद्धचे वजन उरत नाही. तो वाचावयाच्या संहितेचा एक भाग होतो, आणि रोगी दुसरा. पुराव्याला 'या माणसाविषयी तू काय सांगतोस' असे विचारावे लागते, आणि रोग्याला 'या पुराव्याला तुझ्याकडून कोठे अडते' असे. आपल्या विद्यापीठांत 'अमुक सिद्धांताच्या प्रकाशात तमुक कादंबरी' या साच्याचे प्रबंध पाहिले म्हणजे सिद्धांत लागू करणे आणि लागू पडणे यांतला फरक आपणही किती क्वचित ध्यानी घेतो हे कळते. त्या प्रबंधांत कादंबरी सिद्धांताला कधीच अडवीत नाही.

६

येथपर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येईल. निर्णयशक्ती शिकवता येत नाही, नियमात बांधता येत नाही, असे म्हटले की आपण हातगुणापाशी परत आलो नाही काय? त्या ८० योजना लिहून देणारे डॉक्टरही 'हा माझा निर्णय' असेच म्हणतील. शिवाय क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजारात एका रोग्यासाठी केलेला अपवाद त्याच्यापुरता राहत नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याची किंमत द्यावी लागू शकते. आक्षेप खरा आहे. माझ्या मते त्याचे उत्तर एवढेच की, नियमापासून ढळण्याची मुभा कारण सांगण्याच्या बंधनासह यावी. पुराव्यापासून दूर जाणाऱ्या चिकित्सकाने का दूर गेलो हे रोग्याला समजेल अशा भाषेत, आणि दुसऱ्या चिकित्सकाला तपासता येईल अशा तपशिलाने, सांगितले पाहिजे. हातगुणाला हे बंधन नसते. आणि हेच बंधन उलट बाजूनेही हवे. नियम जसाच्या तसा लावणाऱ्यानेही, तो या रोग्याला का जुळतो, हे सांगितले पाहिजे. 'प्रोटोकॉल आहे' हे कारण नव्हे.

कारण सांगणे म्हणजे कथन करणे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी या क्षेत्रात लक्ष घातले. कॅथरिन माँटगोमेरी हंटर यांचे 'डॉक्टर्स स्टोरीज' हे १९९१ चे पुस्तक त्याचा महत्त्वाचा टप्पा. रोग्याचा इतिहास हा एक वाङ्मयप्रकार आहे, त्याला स्वतःचे निवेदनतंत्र आहे, हे त्यांनी दाखवले. या पंथातील पुढच्या लेखनात मात्र रोग्याची गोष्ट ऐकली की सारे सुधारते असा भाबडेपणा शिरलेला दिसतो. ज्या डॉक्टरपुढे सकाळच्या पाळीत बाह्यरुग्ण विभागाची रांग दरवाजाबाहेर गेलेली असते, त्याच्या संवेदनशीलतेला आवाहन करून काय होणार? वेळ ही येथे नैतिक गोष्ट आहे आणि ती अंदाजपत्रकात ठरते.

तरीही भाषेचा प्रश्न उरतोच. आपल्याकडे रोगी पोटाची 'तक्रार' घेऊन येतो. इंग्रजी नोंदीत तो ताप आल्याचे 'नाकारतो', आणि उपचार निष्फळ ठरले तर रोगीच उपचारात 'नापास' होतो. क्षयरोगाची औषधे मध्येच थांबवणाऱ्याला कित्येक वर्षे 'डिफॉल्टर' म्हणत. मराठी माणसाला हा शब्द बँकेच्या नोटिशीतून परिचित आहे. कर्ज बुडवणारा तो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आपल्या व्याख्या बदलताना तो काढून 'पाठपुराव्यातून निसटलेला' या अर्थाचा शब्दप्रयोग आणला, आणि रोगाचा 'संशयित' हाही शब्द बदलला. शब्द बदलल्याने औषध बदलत नाही, हे खरे. पण बुडवणारा म्हटले की चौकशी त्याच्या चारित्र्याची होते. निसटलेला म्हटले की तो कोठून निसटला, मजुरी बुडत होती काय, दवाखान्याची वेळ कामाच्या वेळेशी भिडत होती काय, असे प्रश्न निदान शक्य होतात. 'हा रोगी नियमात का बसत नाही' याचे कारण सांगण्याची जबाबदारी शब्दागणिक एकाकडून दुसऱ्याकडे सरकते.

सर्वांत खोल प्रश्न परिणामाचा आहे. चाचणी काहीतरी मोजते आणि जे मोजले त्याला 'बरा झाला' म्हणते. बहुऔषधप्रतिकारक क्षयरोगावर दीर्घकाळ कॅनामायसिनची इंजेक्शने दिली जात. त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचले. पुष्कळांच्या कानांत आधी आवाज येऊ लागला आणि मग ऐकूच येईनासे झाले, कायमचे. थुंकीत जंतू नाहीत म्हणजे रोगी बरा, या व्याख्येत कान नव्हते. ते 'दुष्परिणामां'च्या तक्त्यात होते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन यांची शिफारस मागे घेतली आणि तोंडाने घेण्याच्या नव्या औषधांवर भर दिला. हेही पुराव्यानेच घडले, हे सांगितले पाहिजे. पण त्या पुराव्यात बहिरेपण मोजण्याजोगे मानले जाण्यासाठी पुष्कळ रोग्यांना आपले बहिरेपण वर्षानुवर्षे सांगत राहावे लागले. ज्याला कानात आवाज येतो त्याचे म्हणणे हे प्रमाण मानायचे की तक्रार, याचा निर्णय कोणत्याही चाचणीच्या आधी झालेला असतो.

आपल्याकडच्या बहुतेक सरकारी तक्त्यांत शेवटचा स्तंभ 'शेरा' या शीर्षकाचा असतो. तारीख, वजन, मात्रा, थुंकीचा अहवाल यांना पुरेशी जागा देऊन कागदाच्या कडेला जे उरते ते या स्तंभाच्या वाट्याला येते. बहुधा तो कोरा असतो, किंवा त्यात 'गैरहजर' एवढाच शब्द असतो. एखाद्या कार्यकर्त्याने तेथे 'ऊसतोडीला गेली, टोळीसोबत, चैत्रात परत' असे बारीक अक्षरांत लिहिले तर वरच्या कार्यालयात तक्ता पोचेपर्यंत त्याचे काय होते, त्या ओळीचे संगणकात भरण्याजोगे सांकेतिक चिन्ह कोणते, आणि परत आल्यावर तिच्यासाठी औषधांची नवी योजना ठरवणाऱ्या डॉक्टरच्या हाती ती ओळ पडते काय, हे पाहण्यासाठी कोणा संशोधकाने हे तक्तेच संहिता म्हणून वाचायला घ्यावेत.